‘पहाडी आवाज’ : एका स्तुतीची चिकित्सा

शाहीर अमर शेख यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले आहे ते वाचू लागले की दोन शब्द वाटेत हमखास आडवे येतात : ‘पहाडी आवाज’. पुण्यतिथीच्या टिपणात ते असतात, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या हकिगतीत असतात, सहकाऱ्यांच्या आठवणींत असतात. आणि हा आवाज प्रत्यक्ष ऐकलेला असणे वयपरत्वे ज्यांना शक्यच नाही अशांच्या लेखांतही असतात. या शब्दांत खोटे काही नाही. हजारोंच्या सभेवर हुकमत चालवणारा तो आवाज होता, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तरीही ही स्तुती एकदा नीट तपासून पाहिली पाहिजे. गेली पन्नासहून अधिक वर्षे ती स्तुतीचे काम कमी आणि हद्दपारीचे काम अधिक करीत आली आहे, असा प्रस्तुत लेखकाचा आरोप आहे.

आवाज पहाडी आहे असे म्हटले की तो निसर्गाचा होतो. पहाडाला कर्तृत्व नसते, शिक्षण नसते, निवड नसते. पहाड असतो, इतकेच. ज्याच्या ठिकाणी निसर्ग बोलतो त्याच्या रचनेची चिकित्सा करण्याचे प्रयोजन उरत नाही. थक्क होऊन पुढे जाणे एवढेच उरते. समीक्षेने नेमके हेच केले. थक्क झाली आणि पुढे गेली. ती जिथे गेली तिथे तिला कवी भेटले, आणि त्यांच्याविषयी बोलताना मात्र तिच्याजवळ प्रतिमा, लय, जाणीव, घाट, अनुभवाची पृथगात्मता असे सगळे शब्द तयार होते. श्रमिकाच्या वाट्याला निसर्ग आणि सुशिक्षिताच्या वाट्याला संस्कृती, ही वाटणी आपल्या वाङ्मयव्यवहारात इतकी सवयीची झाली आहे की ती वाटणी आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, जो सादर करतो त्याच्या सादरीकरणाबद्दल बोलले तर बिघडले कुठे? बिघडत काही नाही. पण मग हा न्याय सर्वांना सारखा लावायला हवा. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाने महाराष्ट्र गाजवला. बा. भ. बोरकर आपल्या कविता गाऊन म्हणत आणि ते ऐकणे हा एक सोहळा असे. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी तर एकत्र काव्यवाचनाचे दौरे करून कवितेला सभागृह मिळवून दिले. यांपैकी कोणाचाही कवी म्हणून असलेला दर्जा त्यांच्या गळ्यामुळे कमी झाला नाही. बोरकरांचा कंठ आणि बोरकरांची कविता या दोहोंची नोंद होते. बापटांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी त्यांनी भरपूर लिहिले. म्हणजे ज्या प्रकारच्या व्यासपीठावर शेख उभे होते त्याच्या शेजारच्याच व्यासपीठावर तेही होते. पण बापट प्राध्यापक होते. कलापथकासाठीचे त्यांचे लेखन ही ‘कवी वसंत बापट’ यांच्या कारकिर्दीची एक बाजू ठरते. अमर शेखांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे संग्रह मात्र ‘शाहीर अमर शेख’ यांच्या कारकिर्दीची तळटीप ठरतात. सादरीकरण एकाला कवितेच्या बाहेर नेते आणि दुसऱ्याला नेत नाही. तेव्हा बाहेर नेणारी गोष्ट सादरीकरण नव्हे, दुसरीच काही आहे.

ही कारकीर्द स्वभावतः कशी घडली ते पाहिले तर ‘निसर्ग’ हा शब्द आणखीच पोकळ वाटू लागतो. मेहबूब हुसेन पटेल हे मूळ नाव. जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६ चा. आई मुनेरबी ओव्या आणि लोकगीते म्हणणारी. तिच्याकडून त्यांना केवळ गळा मिळाला असे मानण्याची आपल्याला सवय आहे. पण ओवी म्हणजे गळा नव्हे. ओवी ही एक रचनापद्धती आहे : जात्याच्या फेऱ्याशी शब्दांचा मेळ घालणारी, अक्षरसंख्येत सैल पण चौथ्या चरणाच्या तुटीत अत्यंत काटेकोर, आणि जुन्या ओळीला धरून जागच्या जागी नवी ओळ उभी करायला शिकवणारी. हे शिक्षण आहे, आणि ते कोणत्याही छंदःशास्त्राच्या तासापेक्षा कमी नाही. पुढे मोटारीवरचा क्लीनर, गिरणी कामगार, संपातला कार्यकर्ता, विसापूरच्या तुरुंगातला कैदी असा प्रवास झाला. कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काही काळ काम केले आणि तिथेच ‘अमर शेख’ हे नाव मिळाले. म्हणजे जे नाव आपण मातीतून उगवल्यासारखे उच्चारतो ते एका चित्रपटनिर्मितीच्या आवारात, आधुनिक करमणुकीच्या कारखान्यात घडलेले आहे. पुढे १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिले, आणि परळ-लालबागच्या गिरणगावाला आपले कवी मिळाले. ‘कवी’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे.

या कलापथकातील तिघांपैकी अण्णा भाऊंना समीक्षेने अखेरीस स्वीकारले. पण कसे? कादंबरीकार म्हणून. ‘फकिरा’ १९५९ ची. तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि अण्णा भाऊ ‘साहित्यिक’ झाले. त्यांची छक्कड आणि लावणी आजही लोकांच्या तोंडी आहे, परंतु विद्यापीठीय चर्चा मुख्यतः कादंबरी-कथेची होते, कारण ती वाचता येते. नारायण सुर्वे यांचेही तसेच. त्याच परळच्या रस्त्यांवर वाढलेल्या सुर्व्यांनी आरंभी चळवळीसाठी गाणी लिहिली, ती शाहिरांनी गायली. पण ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) आणि ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी ते कवितेच्या दालनात आले आणि १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सुर्व्यांचे मोठेपण वादातीत आहे. प्रश्न इतकाच की, त्यांच्यासाठी जे दार उघडले ते पानाचे दार होते आणि आत येताना त्यांची गाणी उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली. गव्हाणकर तर कोणाच्याच दालनात नाहीत.

हे दालन कुठे होते, याचा एक अगदी भौगोलिक अर्थही आहे. ‘सत्यकथा’ गिरगावातील खटाववाडीतून निघत असे. तिथून परळच्या कामगार मैदानापर्यंतचे अंतर ते काय! १९६४ पर्यंत मुंबईत ट्राम होती आणि ती गिरणगावातून दादरकडे जात होती. तरीही १९५० च्या दशकात या दोन ठिकाणी मराठी कवितेच्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी घडत होत्या आणि एकीला दुसरीची खबर लागत नव्हती. नव्हे, खबर होती. ती वाङ्मयीन आहे असे वाटत नव्हते. मुद्रित शोधनाची, संपादकीय काटेकोरपणाची, कवीशी पत्रव्यवहार करून एकेक शब्द घासून घेण्याची जी संस्कृती खटाववाडीत घडली तिचे ऋण मराठीवर मोठे आहे. ते नाकारणारा मी नव्हे. पण त्या संस्कृतीने कवितेची एक व्याख्या गृहीत धरली : कविता म्हणजे एकट्याने, शांतपणे, डोळ्यांनी वाचायची गोष्ट. हे गृहीतक कोणी सिद्ध केले नाही. कोणी मांडलेसुद्धा नाही. ते कागदाच्या वासासारखे सगळीकडे पसरलेले होते.

या बाबतीत सर्वांत विस्मयकारक प्रकरण मर्ढेकरांचे आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये त्यांनी कलाकृतीच्या मुळाशी लय ठेवली. संवाद, विरोध आणि समतोल ही तिची तत्त्वे सांगितली. मराठी समीक्षेला लयीचा इतका कडवा सिद्धान्त दुसऱ्या कोणी दिला नाही. आणि हा सिद्धान्तकार नोकरीने कुठे होता? आकाशवाणीत. ज्याचा दिवस ध्वनिक्षेपकाच्या सान्निध्यात जात होता त्याने लयीचा विचार करताना ती प्रत्यक्ष कानावर पडणारी, श्वासाने मोजली जाणारी, समोरच्या माणसांच्या प्रतिसादाने लांबणारी-आखडणारी गोष्ट असू शकते याला आपल्या सिद्धान्तात जागा ठेवली नाही. मर्ढेकरांची लय भावनांच्या परस्परसंबंधांत असते आणि ती मनात घडते. ते १९५६ साली वारले. त्याच वर्षी मुंबईच्या मैदानांत मराठी भाषा जितक्या मोठ्या समुदायाने एका लयीत उच्चारली तितकी त्यापूर्वी क्वचितच उच्चारली गेली असेल. त्यांच्यानंतरच्या सौंदर्यवाद्यांना तरी हा विरोधलयीचा नमुना दिसायला हरकत नव्हती.

शाहिरी ही कविताच नव्हे, अशी जर आपली प्रामाणिक भूमिका असती तर तिचा आदर करून वाद घालता आला असता. पण तशी ती नाही. मराठी वाङ्मयाचा कोणताही इतिहास उघडा. संतकाव्य, पंडिती काव्य आणि शाहिरी काव्य ही त्रयी तिथे आहेच. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर यांना स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या रचना परीक्षेला असतात. हे सर्व कवी तमाशाच्या फडात उभे राहत, डफावर किंवा ढोलकीवर गात, बिदागी घेत. त्यांचे पोवाडे छापले गेले ते तरी कसे? एच. ए. अ‍ॅकवर्थ या सनदी अधिकाऱ्याने—वडाळ्याच्या कुष्ठरुग्णालयाला ज्याचे नाव आहे तोच हा मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर—शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने गोंधळ्यांच्या तोंडून ते मिळवले आणि १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे ज्याला आपण शाहिरी काव्याची संहिता म्हणतो ती गाणाऱ्याच्या तोंडून टिपून घेतलेली, एका प्रसंगाची, एका गळ्याची नोंद आहे. तिच्यावर आपण प्रबंध लिहितो. पुढे म. वा. धोंडांसारख्या अत्यंत चोखंदळ समीक्षकाने ‘मऱ्हाटी लावणी’ (१९५६) लिहून लावणीचा विचार तिच्या गेयतेसकट कसा करता येतो ते दाखवूनही दिले. धोंडांचे पुस्तक आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा ऐन बहर एकाच काळातले. पेशवाईतला शाहीर कवी, आणि दारातला शाहीर कार्यकर्ता. जिवंतपणी गाणाऱ्याला कवी म्हणायचे नाही, दीडशे वर्षे मेल्यावर म्हणायचे, असा काही नियम असेल तर तो निदान लिहून ठेवावा.

इथे केवळ सौंदर्यवाद्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे आणि म्हणूनच ते पुरेसे नाही. डाव्या समीक्षेने अमर शेखांचे काय केले? तिने त्यांच्या रचनांतील आशयाची वर्गीय बाजू बरोबर आहे की नाही ते पाहिले आणि बरोबर आहे असे आढळल्यावर त्यांना चळवळीच्या इतिहासात जमा केले. त्यांच्या धृपदात काय घडते, हा प्रश्न तिला पडला नाही. ‘रूप’ हा शब्द उच्चारला की आपण खटाववाडीत जाऊन बसू अशी भीती तिला वाटत असावी. देशीयतेचा पुकारा करणाऱ्यांनी गावाकडे आणि मध्ययुगाकडे तोंड केले. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणारा शाहीर त्यांना ना पुरेसा देशी वाटला, ना पुरेसा परका. १९९० पासून मुस्लिम मराठी साहित्य संमेलने भरू लागली. तिथे त्यांचे स्मरण पूर्वसूरी म्हणून होणे योग्यच. पण आयुष्यभर ज्याने कोणत्याही एका समाजाचा म्हणून नव्हे तर महाराष्ट्राचा म्हणून आवाज लावला त्याला पुन्हा त्याच्या जन्मनावाच्या कप्प्यात ठेवण्याचा धोका तिथेही आहेच. आणि मलिका अमर शेख यांच्या ‘वाळूचा प्रियकर’ (१९७९) नंतर तर ‘कवयित्रीचे वडील’ ही आणखी एक ओळख तयार झाली. वडील शाहीर, मुलगी कवयित्री : एका घरातच आपण ही सीमारेषा आखून ठेवली आहे.

मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेख यांच्या नावाचे अध्यासन आहे. त्याचा आनंद आहे. पण ते लोककलांच्या अभ्यासाशी जोडलेले आहे, मराठीच्या विभागाशी नाही. लोककला अकादमीने जे काम केले ते मोलाचे आहे, यात शंका नाही. किंबहुना तिने केले नसते तर कोणीच केले नसते. माझा रोख तिच्यावर नसून आम्हा मराठीच्या अध्यापकांवर आहे. विसाव्या शतकात जन्मलेला, मुद्रित संग्रह प्रसिद्ध केलेला, ‘युगदीप’सारखे नियतकालिक चालवणारा, ‘प्रपंच’ (१९६१) सारख्या चित्रपटात भूमिका करणारा, ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून नगरवासीयांना उद्देशून रचना करणारा माणूस ‘लोककलावंत’ कोणत्या अर्थाने? ‘लोक’ म्हणजे अनामिक आणि परंपरागत असे आपणच शिकवतो. अमर शेख अनामिकही नाहीत आणि परंपरागतही नाहीत. तरीही त्यांना तिकडे पाठवून आपण मोकळे झालो, कारण इकडे ठेवले असते तर कवितेची आपली व्याख्या बदलावी लागली असती.

आता या सगळ्यावर घेतला जाणारा जो खरा आक्षेप आहे त्याकडे वळू. एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ समीक्षकांनी तो मला स्वच्छ शब्दांत ऐकवला : “तुम्ही ‘कलश’ वाचा. विशेषणांवर विशेषणे, संबोधनांवर संबोधने. कविता म्हणून ती टिकत नाही.” मी ‘कलश’ वाचला होता आणि त्यांचे म्हणणे निम्मे मला मान्य होते. १९५८ च्या या संग्रहातील बऱ्याच कविता पानावर ओरडतात. जिथे एका क्रियापदाने काम भागले असते तिथे चार येतात. उपमा एकदा दिली की पुन्हा दिली जाते. मुद्रित कवितेच्या कसाला लावले तर संग्रहाचा मोठा भाग गळून पडेल. परंतु हा कस कोणत्या धातूसाठी बनवलेला आहे?

उघड्या मैदानातल्या सभेची कल्पना करा. कर्ण्यांतून येणारा आवाज जवळच्या चाळीच्या भिंतीवर आपटून परत येतो. श्रोते पाळी संपवून आलेले, उभे. शाहिराने उच्चारलेला शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचून, समजून, तिथून प्रतिसाद येईपर्यंत जो वेळ जातो तो वेळ रचनेलाच भरून काढावा लागतो. पानावर जे दुसरे विशेषण फाजील वाटते ते तिथे फाजील नसते. ते पहिल्या विशेषणाला पोहोचण्यासाठी दिलेली उसंत असते. संबोधन हे अलंकार म्हणून येत नाही, विखुरलेल्या लक्षाला पुन्हा एकत्र बांधण्यासाठी येते. आणि धृपद! मुद्रित पानावर धृपद दुसऱ्यांदा छापायची गरजही कोणाला वाटत नाही. पहिले दोन शब्द देऊन टिंबे दिली की झाले. पण सादरीकरणात कोणतेही धृपद दुसऱ्यांदा तेच नसते. पहिल्यांदा ते शाहिराचे असते. झीलकरी ते उचलतात तेव्हा ते पथकाचे होते. तिसऱ्या-चौथ्या कडव्यानंतर ते समोरच्या समुदायाचे होते, आणि त्या क्षणी त्याचा अर्थ बदलतो : जे निवेदन होते ते प्रतिज्ञा बनते. शब्द तेच, बोलणारा बदललेला. कवितेत वक्ता कोण, हा प्रश्न आपण नवकवितेबाबत किती बारकाईने विचारतो! इथे एकाच रचनेत वक्ता तीनदा बदलतो आणि आपण त्याला पुनरुक्ती म्हणतो.

तेव्हा ‘कलश’मधल्या संहिता म्हणजे कविता नव्हेत, असे म्हणायला मी तयार आहे, त्या कवितांच्या खुणा आहेत. संगीताची स्वरलिपी पाहून राग बेचव आहे असा निर्णय कोणी देत नाही. अर्थात इथे शेखांचीही एक अडचण आहे आणि ती लपवण्यात हशील नाही. त्यांना स्वतःला पानावरचा कवी व्हायचे होते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे गीतसंग्रह म्हणून पुढे आले नाहीत, काव्यसंग्रह म्हणून आले. गिरगावच्या व्याख्येने त्यांनाही मोहवले होते. आपल्याच सामर्थ्याचे नाव त्यांना त्या काळच्या वाङ्मयीन भाषेत सापडले नाही. हा दोष त्यांचा किती आणि ज्यांनी तसे नाव तयार केले नाही त्या समीक्षकांचा किती, हे ठरवणे अवघड नाही.

हे दुखणे केवळ मराठीचे नाही, हे सांगण्यासाठी थोडे दूर जातो. जमैकातील लुईझ बेनेट ही अमर शेखांची समकालीन; जन्म १९१९ चा. तिने बेटावरच्या सामान्यांच्या बोलीत पद्ये रचली, रंगमंचावर आणि रेडिओवर सादर केली. लोक तिच्यावर लुब्ध होते आणि म्हणूनच साहित्यिक तिला कवी मानायला तयार नव्हते. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा निघालेल्या जमैकन साहित्याच्या निवडक संग्रहातही तिला कवींमध्ये जागा मिळाली नाही. १९६३ मध्ये मर्व्हिन मॉरिस यांनी एक निबंध लिहिला. बेनेटचे वाचन गंभीरपणे करा, एवढीच त्याची मागणी होती. त्या मागणीने तिथली समीक्षा बदलू लागली. कामाऊ ब्रॅथवेट यांनी पुढे असा सिद्धान्त मांडला की, या भाषेतल्या कवितेचा नाद हा तिच्या अर्थाचाच भाग आहे; नाद वगळला की अर्थही गळतो. त्यानंतर वेळ आली डान्सहॉलची. हे रेगेचे नृत्यगृहातले, गल्लीतले रूप. रस्त्यावर ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या करायच्या, तबकडीवरचे नुसते वाद्यसंगीत लावायचे आणि त्यावर ‘डीजे’ म्हणवणाऱ्या गायकाने जागच्या जागी शब्द रचत जायचे. १९८० च्या दशकाच्या आरंभी यलोमनसारखा, अनाथाश्रमात वाढलेला गायक या प्रकाराचा तारा झाला. त्याचे शब्द अश्लील, असा सभ्यांचा ओरडा होता. आपल्याकडे लावणीबाबत होता तसाच. कॅरोलिन कूपर या वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या साहित्याच्या प्राध्यापिकेने १९९३ मध्ये ग्रंथ लिहून बेनेटपासून डान्सहॉलपर्यंतचा हा सगळा प्रवाह साहित्यविचाराच्या कक्षेत आणला. लोककलेच्या नव्हे, साहित्याच्या. लिंटन क्वेसी जॉन्सन या जमैकात जन्मलेल्या, रेगेच्या तालावर कविता म्हणणाऱ्या कवीचा संग्रह २००२ मध्ये पेंग्विनच्या आधुनिक अभिजात मालेत निघाला.

यातून ‘त्यांनी केले, आपणही करू’ असा भाबडा निष्कर्ष मला काढायचा नाही. मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. डान्सहॉलला साहित्य म्हणून वाचू लागताच त्याच्यावर कठोर टीकाही होऊ लागली. १९९२ मध्ये बुजू बॅन्टन या गायकाच्या एका गीतात समलिंगी पुरुषांना ठार मारण्याची भाषा आली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला आणि अशा भाषेला रूपक म्हणून वाचू पाहणाऱ्या कूपर यांच्या प्रतिपादनावरही हल्ले झाले. असेच व्हायला हवे. ज्याला आपण गंभीरपणे घेतो त्यालाच जाब विचारतो. ‘पहाडी आवाज’ म्हणून ज्याला नमस्कार केला त्याला जाब कोण विचारणार?

आणि अमर शेखांना विचारण्यासारखे पुष्कळ आहे. एकाच आवाजाचे इतके प्रभुत्व असलेल्या पथकात बाकीच्यांच्या आवाजांचे काय होते? ज्या झीलकऱ्यांच्या खांद्यावर धृपद उभे राहते त्यांची नावे आपल्या इतिहासात का नाहीत, आणि त्या विस्मरणात शाहिराच्या नायकत्वाचा वाटा किती? कामगाराच्या रोषासाठी घडवलेला वीररसाचा साचा १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर राष्ट्ररक्षणासाठी वापरला गेला. कम्युनिस्ट चळवळ त्याच प्रश्नावर आतून दुभंगत असताना तो साचा दोन्हीकडे तितक्याच सहजतेने कसा चालतो? चालतो, याचा अर्थ तो साचा आशयाला पुरेसा बांधलेला नाही असा घ्यायचा की शाहिरी हे मुळातच संकटाचे रूपबंध आहे, संकट कोणाचे ते मागाहून ठरते, असा घ्यायचा? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. पण हे प्रश्न विचारण्यासाठी आधी तो कवी आहे हे मान्य करावे लागते. निसर्गाला प्रश्न विचारत नाहीत.

१९६९ हे वर्ष मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘सत्यकथे’च्या होळीचे वर्ष म्हणून नोंदले गेले आहे. अनियतकालिकांच्या तरुणांनी प्रस्थापित अभिरुचीविरुद्ध केलेला तो उठाव होता आणि त्याचे महत्त्व आहेच. त्याच वर्षी १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. होळीची चर्चा आजही चालते. सहा आठवड्यांत गिरणगावाने आपले दोन कवी गमावले, ही घटना वाङ्मयीन कालपटावर मात्र सापडत नाही. जाळणारे आणि ज्यांचे जळले ते, दोघेही छापील पानालाच साहित्य समजत होते, असे म्हटले तर माझ्या लघुनियतकालिकवाल्या मित्रांना राग येईल. येवो.

दरम्यान हे अभ्यासक्षेत्रच नाहीसे होते आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काय आले ते सांगायला नको. परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. पण इमारतींपेक्षा मोठा ऐवज माणसांत आहे. १९५६ मध्ये पंधरा-सोळा वर्षांचा असलेला श्रोता आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. शाहिरी रचनेचे जे पाठ छापले गेले नाहीत ते या माणसांच्या स्मरणात आहेत, अ‍ॅकवर्थच्या काळी गोंधळ्यांच्या स्मरणात होते तसेच. तेव्हा ते टिपायला एक इंग्रज अधिकारी पुढे आला. आज महाराष्ट्रात विद्यापीठे आहेत आणि त्यांत मराठीचे विभाग आहेत.

काही वर्षांपूर्वी मी तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प दिला होता : घरातल्या वडीलधाऱ्यांकडून संयुक्त महाराष्ट्राच्या काळातली एखादी रचना मिळवा आणि ती जशी सांगितली जाईल तशीच लिहून काढा. लालबागच्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजोबांना बसवले. आजोबा गिरणीत विणकर खात्यात होते. त्यांना कडवी सलग आठवत नव्हती. एखाद-दुसरी ओळ, मग खंड, मग पुन्हा अर्धी ओळ. पण प्रत्येक खंडाच्या ठिकाणी ते थांबत, मांडीवर दोन टाळ्या देत आणि म्हणत, “हितं आम्ही.” म्हणजे इथे समुदायाने उचलायचे. विद्यार्थी प्रामाणिक होता. त्याने ओळींच्या मधल्या मोकळ्या जागा तशाच सोडल्या आणि प्रत्येक जागेत कंसात ‘येथे आम्ही’ असे लिहिले. पाच पानांत तो शब्द अकरा वेळा आला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रकल्पाचे गुण कमी केले आणि समासात शेरा दिला : ‘संहिता अपूर्ण.’